चालतं ते नाणं

दुर्गदबैल हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, तिथे एखादा दगडी बैल बसवलेला असेल. तसं काही नाही. कन्नडमध्ये ‘बयलु’ म्हणजे मोकळी जागा. दुर्गद बयलु म्हणजे किल्ल्यापुढचं मैदान. आता हुबळीच्या या बाजारात किल्लाही दिसत नाही आणि मैदानही मोकळं उरलेलं नाही. भाजीचे ढीग, फुलांच्या पाट्या, मिरचीभज्यांची उकळती कढई, गिरमिटाच्या गाड्या आणि या सगळ्यांमधून हॉर्न वाजवत घुसणाऱ्या दुचाक्या.

मावशीने लिंबं आणायला पाठवलं होतं. दहा रुपयांची घेतली आणि खिशातलं दहाचं नाणं पुढे केलं. लिंबंवाल्या बाईंनी ते हातातही घेतलं नाही. मान हलवून म्हणाल्या, “नडेयंगिल्री.”

चालत नाही.

माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी हुज्जत घालून पाहिली. नाणं सरकारी आहे, खोटं नाही. तेही खरंच. या नाण्याबद्दल गावोगाव अफवा पसरल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की, दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत. बाईंनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. तुमच्याकडून मी घेईन हो, पण माझ्याकडून पुढे कोण घेणार?

मी गप्प झालो. पैसा म्हणजे काय, यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांचं सार त्या एका प्रश्नात होतं.

मग बाईंनी लिंबांच्या ढिगाला टेकवलेला चौकोनी ठिपक्यांचा कागद सरळ केला. मी मोबाइल काढला. क्षणभराने टोपलीमागच्या छोट्या डब्याने कन्नडमध्ये दहा रुपये आल्याची वर्दी दिली आणि बाईंनी पिशवी माझ्या हातात ठेवली. मुठीत धरता येणारा धातू नाकारला गेला होता आणि डोळ्यांनाही न दिसणारे दहा रुपये बिनतक्रार स्वीकारले गेले होते. पूर्वी रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकत. नाणं वाजवून घेत. ती रीत गेलेली नाही, हे त्या डब्याने दाखवून दिलं. आता नाण्याऐवजी डबा वाजतो, एवढंच.

परतताना बाईंचा शब्द डोक्यात घोळत राहिला. कन्नडमध्ये ‘नडे’ म्हणजे चालणं आणि आपणही नाणं ‘चालतं’ असंच म्हणतो. चलन हा शब्दच मुळी चालण्यातून आला आहे. दोन शेजारी भाषांनी पैशाला पाय दिले आहेत. या हातातून त्या हातात जातो, तोवर तो पैसा. पुढचा हात मिटला की तो धातूचा तुकडा.

याच हुबळीचा धागा असलेली साडेतीनशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे. १६७३ साली मराठ्यांनी हुबळीची पेठ लुटली. कापडाच्या व्यापारासाठी नावाजलेल्या या पेठेत इंग्रजांची वखार होती. तिलाही लुटीची झळ बसली. पुढच्याच वर्षी, १६७४ च्या उन्हाळ्यात, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला. त्याने राज्याभिषेक पाहिला खरा, पण बरोबर तहाच्या कलमांची यादीही आणली होती. नुकसानभरपाईचा विषय होता, व्यापाराच्या सवलती होत्या आणि एक कलम पैशाचं होतं. आमची नाणी आपल्या राज्यात चालावीत, अशी इंग्रजांची इच्छा होती.

शिवाजी महाराजांच्या बाजूने आलेलं उत्तर वाचून आजही थांबायला होतं. ज्यात रयतेचा तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्ती आपण आपल्या माणसांवर करू शकत नाही. मात्र तुमचं नाणं कसाला आणि वजनाला मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याच्या तोडीचं असेल, तर त्याला बंदीही करणार नाही. असा त्याचा आशय होता.

नुकता सिंहासनावर बसलेला, स्वतःच्या नावाने सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडणारा राजा हे म्हणतो. नाणं पाडणं राजाच्या हातात असतं, ते चालवणं बाजाराच्या, हे त्याने ओळखलं होतं. दौलताबादेला राजधानी हलवणाऱ्या महंमद तुघलकाला ते उमगलं नव्हतं. त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावाने चालवायचा हुकूम काढला. लोक घरोघरी तशी नाणी पाडू लागले. अखेर ती माघारी घेताना त्यांच्या बदल्यात खजिन्यातून खरं सोनं-चांदी मोजावं लागलं.

हुबळीपासून वीस किलोमीटरवरच्या धारवाडलाही असा एक धडा गिरवला गेला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठेशाहीतल्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर एक निबंध लिहिला आहे, त्यात त्याची हकिगत येते. या भागातले जमीनदार आपापल्या टांकसाळी चालवत आणि हिणकस नाणं पाडत. सरकारचा वसूलही त्याच नाण्यात यायचा, म्हणजे बुडायचा. तेव्हा १७६५ मध्ये, थोरल्या माधवरावांच्या काळात, पांडुरंग मुरार यांच्याकडे धारवाडची मध्यवर्ती टांकसाळ सोपवून भोवतालच्या २१ खासगी टांकसाळी बंद करण्याचे हुकूम सुटले. इथे सत्तेने आपला जोर नाण्याचा कस राखण्यासाठी वापरला. कस राहिला, तर नाणं चालायला सांगावं लागत नाही.

पण मग वाटलं, कसावरच सगळं असतं, तर माझ्या खिशातलं नाणं जगात कुठेच चालायला नको. त्यातल्या धातूची किंमत दहा रुपये नाही. आणि नोट? ती तर कापूस. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो. हुबळीच्याच बेंगेरीत खादी ग्रामोद्योग संघाच्या केंद्रात राष्ट्रध्वज शिवले जातात. तेही कापसाचं कापड. मागावर असेपर्यंत त्याला मीटरचा भाव असतो. तीन रंग चढले, अशोकचक्र उमटलं, की त्याच सुताला माणूस उभा राहून मान देतो. दुसऱ्या कापसावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरचं वचन आणि सही उमटते आणि त्याला आपण थुंकी लावून मोजतो. त्या नोटेच्या मागच्या बाजूला पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. वरून चौथी ओळ कन्नडची, आठवी मराठीची. इतक्या माणसांनी आपापल्या भाषेत ‘हो’ म्हणावं लागतं, तेव्हा तो कापूस पाचशे रुपये होतो. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री एका घोषणेनंतर पाचशे आणि हजारच्या नोटांतला कापूस तसाच होता. त्या ‘हो’ला मात्र मुदत लागली होती.

मावशीला हे सांगितलं. तिने ऐकलं आणि हातातल्या पाटल्या मनगटावर वर सरकवल्या. ही तिची उत्तर द्यायची पद्धत. तिच्या दृष्टीने कागदाचं काही खरं नाही; खरं ते सोनं.

तिचंही चुकत नाही. सोनं गंजत नाही, कुजत नाही, पाण्यात टाका की पुरून ठेवा. वितळवून तुकडे करा, पुन्हा एक करा. कुणाच्या सहीची त्याला गरज लागत नाही. आणि ते थोडं आहे. माणसाने आजवर खणून काढलेलं सगळं सोनं सुमारे दोन लाख टन भरतं. एकत्र रचलं तर बावीसेक मीटर बाजूचा ठोकळा होईल, सहा-सात मजली इमारतीएवढा. कोलार आणि हट्टी इथलं सोनं ज्या प्राचीन भूपट्ट्यात सापडतं, त्याला भूशास्त्रज्ञ धारवाडच्याच नावाने ओळखतात. तिथे टनभर दगड फोडावा तेव्हा काही ग्रॅम हाती लागतात. तरीही कोलारची खाण २००१ साली बंद झाली. सोनं संपलं म्हणून नव्हे. इतक्या खोलवरून ते वर काढण्याचा खर्च त्याच्या किमतीला भारी पडू लागला म्हणून. जमिनीखालचं सोनं तिथेच आहे. पण त्याला वर यायला कुणाचा हात परवडत नाही, तोवर त्याचीही गत माझ्या नाण्यासारखीच.

मावशीच्या पाटल्या एकदा सराफाकडे गेल्या होत्या, मावसभावाच्या शिक्षणाच्या वेळी. सराफाने त्या तोलल्या, कस लावला, आतली लाख आणि घट वजा केली आणि आकडा सांगितला. त्या आकड्यात मावशीच्या आईचे हात नव्हते. ते धरायचं म्हटलं, तरी कुठल्या वजनाने धरणार? पाटल्या गहाण पडल्या आणि तीन वर्षांनी सुटून आल्या. व्याज धरून त्या महागच पडल्या. मावशी हा सौदा आजही फायद्याचा मानते.

आपण सोनंनाणं असा जोडशब्द वापरतो, पण दोघांचे स्वभाव वेगळे. नाण्याने चालावं, सोन्याने बसून राहावं. नाणं अडलं की आपण घाबरतो. सोनं घराबाहेर पडलं की घाबरतो.

दुसऱ्या दिवशी निघताना मावशीबरोबर दाजीबान पेठेत तुळजाभवानीच्या देवळात गेलो. देवीच्या गळ्यातली कवड्यांची माळ आठवावी, असंच ते ठिकाण. ही कवडी एके काळी पैसा होती. बाजारात मोजून दिली-घेतली जायची. आज ‘कवडीमोल’ हा शब्द तेवढा उरला आणि त्याचा अर्थ कुचकामी. दमडी गेली, पै गेली. १९५७ साली दशमान पद्धत आली आणि आणा हिशेबातून उठला, तरी आपण सोळा आणे खरं बोलतो. बाजाराने टाकलेली कवडी मात्र आई भवानीने गळ्यात घातली. एका दारातून उतरलेलं मोल दुसऱ्या दारातून वर चढलं.

दानपेटीपाशी खिशात हात गेला आणि बोटांना तेच नाणं लागलं. लिंबंवालीने नाकारलेलं देवीला द्यायचं? लाज वाटली. नोट टाकली आणि नाणं परत खिशात ठेवलं.

संध्याकाळी मिरजेच्या फलाटावर चहा घेतला. चहावाल्या पोराच्या एका हातात किटली, दुसऱ्या हातात कागदी पेल्यांची चळत. मी भीत भीतच ते नाणं पुढे केलं. त्याने पाहिलंही नाही. करंगळीने खिशात ढकललं आणि पुढच्या खिडकीकडे पळाला.

नाणं तेच होतं. वजनात गुंजेचा फरक पडला नव्हता, छाप पुसला नव्हता, नवं पत्रक निघालं नव्हतं. हुबळी आणि मिरजेच्या मध्ये फक्त पुढचा हात बदलला होता. गाडी सुटली तेव्हा तो पोरगा शेवटच्या डब्यापाशी कुणाला तरी सुटे परत देत होता. त्यात माझंच नाणं असेल का, हे बघायला मी खिडकीतून मान बाहेर काढली. ते दिसलं नाही. चालू लागलं असावं.