शेवटी बसणारं माणूस

दसऱ्याच्या सोहळ्याला कोल्हापुरात राजघराण्याची मेबॅक रस्त्यावर येते. आमच्या गल्लीतल्या सरांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते वडिलांच्या खांद्यावर होते. त्या दिवसापासून जुनी गाडी त्यांच्या डोक्यात जाऊन बसली ती बसलीच. पुढे कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, घराचे हप्ते फिटले, आणि एका रात्री जेवताना त्यांनी विषय काढला.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दारात जागा एकाच गाडीची आहे. आत्ताची विकून जुनी घ्यायची तर घ्या, माझी ना नाही. पण ती घराची गाडी पाहिजे. माझी शाळा, बाजार, दवाखाना, फोंड्याच्या घाटातून आईंचं माहेर. हे सगळं तिनं केलं पाहिजे."

सर लगेच हो म्हणाले. मिरजेत एक लाल स्टँडर्ड हेरल्ड त्यांनी हेरून ठेवली होती, दोन दारांची. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती आपल्याकडे बनवली. हिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं आणि अख्खं इंजिन उघडं पडतं. चाकावर बसून काम करावं, इतकी मोकळी जागा. वळते तर इतक्या थोडक्यात की आमच्या गल्लीतही एका दमात फिरेल. सरांना ती का आवडली, हे मला पाहताक्षणीच कळलं. मलाही आवडली होती.

ती गाडी घेऊन आम्ही तपासायला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे गेलो. म्हातारा माणूस, वय सत्तरीच्या पुढे. १९५४ ची फियाट, जिला आपली माणसं डुक्कर फियाट म्हणायची, तिच्यापासून ते ॲम्बॅसॅडरपर्यंत सगळ्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. जो पार्ट बाजारात मिळत नाही, तो शेजारच्या लेथवर करून घ्यायचा, ही उद्यमनगरची रीतच आहे. त्यांनी हेरल्ड ऐकली, बघितली, खाली झोपून चेसिसवर पान्याने ठोकून पाहिली.

"गाडी चांगली हाय," ते म्हणाले. "पर घ्यायची कुणासाठी?"

"घरासाठी."

"मग घर घेऊन या की, सर. फुडल्या ऐतवारी."

त्या वेळी ते आणखी एक गोष्ट बोलले. गाडी साठच्या दशकातली. ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली, तर २०२१ च्या नियमाप्रमाणे ती रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला बाहेर काढता येते, रोजच्या वापराला नाही. साध्या नोंदणीवर ठेवायची तर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. "मेबॅक वर्षातनं एकदा निगती," मिस्त्री म्हणाले, "वहिनींची शाळा रोज हाय."

सरांनी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आवडीच्या वस्तूबद्दल कोणी काही सांगितलं की माणसाला त्यातला होकार तेवढा ऐकू येतो.

पुढच्या रविवारी वहिनी आणि मुलगी आल्या. मुलगी आठ वर्षांची. मागच्या सीटवर चढली ती उतरायलाच तयार नव्हती. वहिनींनी आत बघून विचारलं, "हिला पट्टा कुठं बांधायचा?" कुठेच नव्हता. सर म्हणाले, "बसवून घेऊ." मिस्त्री दोघांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "एवढीच माणसं हाईत घरात?"

"आई आहे. तिचे गुडघे दुखतात. म्हणाली, मी घरीच थांबते."

मिस्त्रींनी दोन्ही हात लावून बॉनेट खाली घेतलं आणि कडी लावली. "मग आज तपासणी न्हाई."

सर चिडले. मलाही ते थोडं जास्तच वाटलं. गिऱ्हाईक दोनदा येतं, बायकोमुलीला घेऊन येतं, आणि हा माणूस हात पुसून स्टुलावर बसतो! पण मिस्त्री शांत होते. ते म्हणाले, "सर, माझ्याकडनं तयार होऊन गेलेल्या किती गाड्या ताडपत्रीखाली पडल्यात, तुम्हाला म्हाईत न्हाई. इंजनाला कायबी झालेलं न्हाई. घरातल्या माणसांनी बसायचं सोडलं. एक जण म्हणतो मला गरम हुतंय, दुसरा म्हणतो मी बसनं येतो. मग मालक एकटाच ऐतवारी काढतोय, मग तेबी न्हाई. तवापास्नं मी एकच बघतो. घरातलं जे माणूस सगळ्यात शेवटी गाडीत बसतंय, त्याला पयलं बसवायचं. ते बसलं की बाकीची आपसूक बसत्यात."

तिसऱ्या रविवारी आजी आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, हातात काठी. हेरल्डचं दार उघडून सरांनी पुढची सीट पुढे लोटली, कारण दोन दारांच्या गाडीत मागे जायला तोच रस्ता. आजींनी एक पाय आत टाकला. दुसरा उचलेना. दाराच्या चौकटीला धरून त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या, मग सावकाश पाय बाहेर घेतला. पदर नीट केला, गाडीच्या लाल पत्र्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान आहे रे गाडी. घे तू. मला आता कुठं जायचंय?"

सर काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मला सांगितलं, त्या क्षणी त्यांना मागची चार वर्षं आठवली. जोतिबाला निघालो तेव्हा, "मी घरीच थांबते." भाचीच्या बारशाला, "तुम्ही जाऊन या." माहेरच्या गणपतीला, "मला काय, फोटो पाठवा." दर वेळी त्यांना वाटायचं, आईला आता दगदग नको असते. दारातली छोटी गाडी जमिनीलगत होती. तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग खाली जायचं, आणि उतरताना कुणीतरी ओढून काढायचं. हे आजींनी कधी तोंडाने सांगितलं नव्हतं आणि सरांनी कधी विचारलं नव्हतं.

मिस्त्री आणि सर हेरल्डपाशी बोलत उभे होते. आजींना उभं राहवेना. बसायला जागा शोधत त्या भिंतीकडे गेल्या. तिथे एक पांढरी ॲम्बॅसॅडर उभी होती, मागचं दार उघडं. पुण्याला जाऊन राहिलेल्या एका घराची, विकायला आलेली. वीस मिनिटांत तिच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. आजी दारातून सीटच्या कडेवर बसल्या, ओट्यावर बसावं तशा, पाय बाहेर सोडून. वाकावं लागलं नाही, कारण सीट खुर्चीइतकी उंच आणि दार रुंद. थोड्या वेळाने एक पाय आत घेतला, मग दुसरा. पाठ टेकली. नातीला हाक मारली. नात पलीकडच्या दाराने येऊन शेजारी बसली. वहिनी बघायला गेल्या त्याही पुढे बसल्या. काच खाली करून आजींनी विचारलं, "ही कुणाची?"

गाडी त्या वेळी ठरली. बाकीचं सगळं हिशेबाचं काम होतं.

त्या हिशेबाबद्दलही थोडं सांगतो, कारण नुसत्या मायेवर जुनी गाडी चालत नाही. ॲम्बॅसॅडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात ती १९५० च्या दशकाच्या शेवटापासून २०१४ पर्यंत बनत राहिली. इतकी वर्षं बनल्यामुळे पार्ट अजून मिळतात. शौकीन लोक साठच्या दशकातलं मार्क टू मॉडेल शोधतात. ही तशी नव्हती. ही नव्वदच्या दशकातली १८०० आयएसझेड, आत इसुझूचं १८१७ सीसी इंजिन, जे काँटेसालाही होतं, आणि पाच गिअर, तेही हँडलला नाहीत, खाली. शौकिनांच्या बाजारात तिला मान कमी. पण मिस्त्री म्हणाले, घरासाठी ॲम्बॅसॅडर घ्यायची तर हीच. पुढच्या दोन सीटना पट्टे कंपनीतूनच आलेले. मागे पट्टे बसवायचे तर नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून चालत नाही, आतून जाड पट्टी वेल्ड करून तिच्यावर पट्ट्याची पकड घ्यायची. धक्का बसला तर पत्रा फाटतो, पट्टी धरून ठेवते. मुलीच्या जागेपासून काम सुरू झालं.

पायातली रबरी मॅट उचलली तर खाली डावीकडे गंज. तेवढा पत्रा कापून नवा जोडला. चारही चाकांचे ब्रेक उघडले. पेट्रोलच्या नळ्या सगळ्या बदलल्या, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते खाऊन टाकतं. हेड उघडलं तेव्हा व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या करून घेतल्या. २००० साली शिसंवालं पेट्रोल देशभरातून गेलं. त्याआधीच्या इंजिनांच्या व्हॉल्व्हना शिशाचा आधार असायचा. या कामाला तीन महिने गेले. सर दर शनिवारी संध्याकाळी उद्यमनगरात असायचे.

वहिनींची अडचण वेगळी होती. स्टिअरिंग जड, उभ्या गाडीत तर फिरेचना. दोनदा मैदानावर नेऊन त्या घामेघूम होऊन परतल्या. मिस्त्रींनी टायरमधली हवा बघितली, पुढचा सांधा न् सांधा ग्रीस केला आणि एवढंच सांगितलं, "गाडी हलल्याबिगर चाक वळवू नका, वहिनी. जरा सरकू द्या, मग वळवा." तिसऱ्या खेपेला त्यांनी गाडी स्वतः गल्लीत आणून लावली. एका दमात नाही, तीनदा मागेपुढे करून. लिटरला नऊ-दहा किलोमीटरच्या वर जाणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी महिन्याचा खर्च वहीत मांडला, शाळेतल्या दोन बाईंना रोज सोबत न्यायचं ठरवलं, आणि वही मिटली.

हेरल्ड सांगलीच्या एका एकट्या राहणाऱ्या माणसाने घेतली. रॅलीला नेतो, जपतो. योग्य घरी गेली असं मला मनापासून वाटतं. त्या गाडीत काही खोट नव्हती. गाडी नेताना ती बघायला सर मुद्दाम मिरजेला गेले होते, आणि परतल्यावर त्या संध्याकाळी फार बोलले नाहीत.

मे महिन्यात फोंड्याला जायचं ठरलं. राधानगरी, दाजीपूर, मग घाट उतरून खाली कोकणात. आदल्या दिवशी मिस्त्री स्वतः घरी आले, तेल-पाणी बघितलं आणि सरांना बजावलं, "ज्या गिअरला घाट चढाल, त्याच गिअरला उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं न्हाई." जाताना आजींना म्हणाले, "आक्का, बसायला त्रास न्हाई न्हवं?" आजी म्हणाल्या, "मी बसते, तुम्ही बाकीच्यांचं बघा."

सकाळी सहाला मी निरोप द्यायला गेलो. आत धावपळ चालली होती. मुलीची एक चप्पल सापडत नव्हती, सर किल्ली शोधत होते, वहिनी गॅस बंद केला का ते परत बघायला गेल्या होत्या. आजी गाडीत होत्या. मागे डावीकडे, पट्टा लावून, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. काच पूर्ण खाली केलेली. मला बघून त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"पावणेसहापासून बसलेय," त्या म्हणाल्या. "यांचं अजून आटपतच नाही."