पाठीमागच्या जिवाची जबाबदारी

दिगंबर मुनी घर सोडतात, पैसा सोडतात, अंगावरचं वस्त्रही सोडतात. हातातली पिच्छी मात्र सोडत नाहीत. आपोआप गळालेल्या मोरपिसांची ती पिच्छी. बसण्याआधी जागा तिने हळुवार झाडायची, कमंडलू उचलण्याआधी तो पुसून घ्यायचा, म्हणजे नकळत एखादा जीव चिरडला जाणार नाही. कमंडलू शौचाचं उपकरण, शास्त्र ज्ञानाचं आणि पिच्छी संयमाचं. ज्याला स्वतःसाठी काहीच नको, त्यालाही दुसऱ्या जिवासाठी एक वस्तू जवळ बाळगावी लागते. मी जयसिंगपूरला शाळेत विज्ञान शिकवतो आणि रोज मोटरसायकलवरून सांगली-कोल्हापूर रस्त्यावर ये-जा करतो. आमच्यासारख्या श्रावकांचं, म्हणजे जैन गृहस्थांचं, संयमाचं उपकरण कोणतं, हा प्रश्न मला त्या रस्त्याने घातला. माझं उत्तर आहे, हँडलवरचे दोन आरसे.

या रस्त्यावर बिनआरशाच्या गाड्या पुष्कळ. नवी गाडी दारात आली की कुंकू, हार, नारळ, आणि त्यानंतर पहिलं काम आरसे काढून ठेवण्याचं. कुणाला ते दिसायला बरे वाटत नाहीत, कुणाला बाजारातल्या गर्दीतून गाडी काढताना अडचण होते. माझा एक जुना विद्यार्थी इचलकरंजीला यंत्रमागावर जातो. त्याला आरशांबद्दल बोललो, तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘सर, आरसे काढून चार वर्षं झाली. आजवर काय झालंय का सांगा की.’’

हे उर्मट उत्तर नव्हतं. त्याच्यामागे धर्माचा एक जुना आणि खरा प्रश्न आहे. कुणाला इजाच झाली नसेल, तर हिंसा झाली कुठे?

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्राणघाताच्या आधी प्रमादाचा, म्हणजे बेफिकिरीचा, उल्लेख केला आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: बेफिकीर माणसाच्या पायाखाली कुणी मेलं काय किंवा वाचलं काय, हिंसेचा दोष त्याला लागलाच, आणि जो डोळ्यांत तेल घालून चालत होता, त्याच्या पायाखाली अचानक एखादा जीव आला, तर केवळ तेवढ्याने त्याला कर्मबंध नाही. म्हणजे चार वर्षं काही झालं नाही, याचं श्रेय त्या मुलाचं नाही. मागून येणाऱ्यांनी वेळेवर ब्रेक दाबले, त्यांचं ते श्रेय. दुसऱ्याच्या सावधपणावर आपण निर्दोष ठरत नाही.

मुनींसाठी ईर्यासमिती सांगितली आहे. दिवसाउजेडी, पुढची चार हात जमीन पाहत, सावकाश चालायचं. पायी चालणाऱ्यासाठी हा नियम पुरेसा आहे, कारण त्याच्या हातून होणारा घात त्याच्या पावलाखालीच होतो. गाडीवर बसलं की हे गणित बदलतं. ताशी 50 किलोमीटरने जाताना मी दर सेकंदाला जवळपास 14 मीटर पुढे सरकतो. खड्डा चुकवायला गाडी हातभर उजवीकडे घेतली, तर त्याचा परिणाम पुढच्यावर होत नाही, मागून येणाऱ्यावर होतो. त्या मागच्या मोटरसायकलवर नवरा, बायको आणि मध्ये पोर असू शकतं. माझा घात करण्याचा पल्ला पाठीमागे वाढला, तर माझी नजरही तिथवर पोचली पाहिजे. ईर्यासमितीचा आत्मा घेतला, तर वाहनचालकासाठी तिचा अर्थ मला एवढाच दिसतो.

‘‘मग मान वळवून बघतो की,’’ असं कुणी म्हणेल. दोन सेकंद मान मागे वळवली तर 28 मीटर रस्ता न पाहता गेला. मागचं पाहण्यासाठी पुढचं सोडणं ही काही सावधगिरी नव्हे. आरशात नजर टाकायला मात्र निमिष पुरतं.

तरीही आरसा सगळं खरं सांगत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकाने सांगितलंच पाहिजे. मोटरसायकलचे बहुतेक आरसे बहिर्वक्र असतात. नववीच्या वर्गात आम्ही शिकवतो, की बहिर्वक्र आरशातली प्रतिमा आभासी, सुलटी आणि वस्तूपेक्षा लहान असते. आता हिशेब करा. वक्रता त्रिज्या 1.2 मीटर धरली, तर नाभीय अंतर 60 सेंटिमीटर. डोळा आरशापासून तेवढ्याच अंतरावर असेल, तर 10 सेंटिमीटर रुंदीच्या सपाट आरशात मागचा सुमारे साडेनऊ अंशांचा पट्टा दिसतो आणि याच मापाच्या बहिर्वक्र आरशात जवळपास एकोणीस अंशांचा. पट्टा दुप्पट झाला. पण त्याची किंमत म्हणून प्रत्येक वस्तू निम्मी दिसते, आणि 20 मीटरवरची गाडी 40 मीटरवर असल्यासारखी वाटते. ती गाडी तुमच्यापेक्षा ताशी 30 किलोमीटर जास्त वेगाने येत असेल, तर तुम्हाला पाच सेकंद हाताशी आहेत असं वाटतं आणि असतात अडीचसुद्धा नाहीत.

म्हणून आरसा असणं वेगळं आणि आरसा वाचता येणं वेगळं. कोण आलंय, किती जण आहेत, कोणत्या बाजूने आहेत, हे आरशाला विचारावं. ते किती जवळ आलेत, हे त्याच्या एका झलकेवर ठरवू नये. एकदा पाहावं, क्षणभराने पुन्हा पाहावं. प्रतिमा झपाट्याने वाढत असेल तर थांबावं. आणि वळण्याआधी, दोन्ही आरशांच्या कडेपलीकडे खांद्याजवळ जी जागा कधीच दिसत नाही, तिच्यासाठी हनुवटी खांद्याकडे नेऊन एक ओझरती नजर टाकावी. आपल्याला दिसलं तेवढंच सत्य, असं धरून चालू नये, हे आमच्या घरात अनेकान्त म्हणून लहानपणापासून कानावर पडतं. रस्त्यावर त्याची परीक्षा होते.

आरसे नीट कसे लावायचे हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून तेही सांगतो. गाडी स्टँडवर असताना बाजूला उभं राहून आरसा लावला, तर तो चुकीचा लागतो. गाडीवर रोजच्यासारखं बसावं, हात हँडलवर ठेवावेत, दुसऱ्या कुणाला गाडी धरायला सांगावी. मागचा रस्ता जिथे आकाशाला टेकतो ती रेघ आरशाच्या साधारण मध्यावर यावी. आतल्या कडेला स्वतःच्या दंडाची जेमतेम किनार दिसली तर चालेल, त्याहून जास्त नको. अर्ध्या आरशात स्वतःचाच खांदा दिसत असेल, तर तेवढ्या जागेतली माणसं आपण पुसून टाकली. कोपर आडवं येत असेल, तर लांब दांडीचे आरसे किंवा दांडी बाहेर सरकवणारी जोडपट्टी मिळते. इंजिनाच्या थरथरीने प्रतिमा पुसट होत असेल, तर आधी दांडीचा नट आवळून पाहावा. काही गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी ते तपासावं, नाहीतर आटे मरतात. पावसाळ्यात रुमाल खिशात ठेवावा. आणि मिशी पाहण्यासाठी आरसा आपल्याकडे फिरवला असेल, तर निघण्याआधी तो जागेवर आणावा.

गळीत हंगामात या गोष्टींना वेगळंच वजन येतं. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत शिरोळ-हातकणंगल्याच्या रस्त्यांवर उतरतात. ट्रॉलीत ऊस इतका रचलेला असतो, की चालकाला मागचं काहीही दिसत नाही, आणि टेपवरच्या गाण्यांमुळे हॉर्नही ऐकू जात नाही. तिथे मी मोटरसायकलवाला हाच जास्त पाहू शकणारा. ज्याला जास्त दिसू शकतं, त्याच्यावर जास्त जबाबदारी. ट्रॅक्टरला मागे टाकण्यासाठी उजवीकडे येण्याआधी उजव्या आरशात पाहिलं नाही, तर चूक त्या न पाहू शकणाऱ्या चालकाची नसते.

आमच्या भागात आचार्य शांतिसागर महाराजांचं नाव घेतलं की लोक हात जोडतात. ते बेळगाव जिल्ह्यातल्या भोज परिसरातले. 1955 मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडून देहत्याग करण्याचं व्रत, घेतली, आणि त्यामागे मंदावत गेलेली दृष्टी हे मोठं कारण होतं. पुढचे जीव दिसत नसतील, तर अहिंसेचं महाव्रत पाळायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तो मार्ग महाव्रतींचा. श्रावकाने त्याची नक्कल करायची नाही. पण पाहण्याला त्यांनी किती मोल दिलं, ते आपण घेऊ शकतो. दिसत नाही, हे त्यांच्यासाठी शरीराचं दुखणं राहिलं नाही, धर्माचा प्रश्न झाला. धडधाकट डोळे असलेल्या माणसाने मागचं दिसण्याचं साधन आपल्या हाताने काढून ठेवावं, हे मला म्हणूनच साधा नियमभंग वाटत नाही. दंड भरून तो मिटत नाही.

गृहस्थाला संपूर्ण अहिंसा पाळता येत नाही, हे आमच्या आचार्यांनी मान्य केलं आहे. त्याने संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा सोडायची; शेती, चूल, व्यापार यांत जी घडते, ती यत्नाने कमीत कमी करायची. कामावर गाडीने जाणं याच दुसऱ्या भागात येतं. ही सवलत आहे, पण ती यत्नाला बांधलेली आहे. यत्न सोडला की सवलतही संपली. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारा, सूर्यास्तापूर्वी जेवणारा माणूस बिनआरशाच्या गाडीवरून पोराला शाळेत सोडायला जातो, तेव्हा त्याच्या नियमांना मी खोटं म्हणत नाही. त्याचं व्रत ताटापाशी थांबलं आहे, ते रस्त्यापर्यंत न्यायला हवं, एवढंच म्हणतो.

आमच्या पाठशाळेत मुलांना नियम देतात: पाणी गाळून प्या, दिवा उघडा ठेवू नका, पाहून पाऊल टाका. अठरा वर्षांची झाल्यावर त्यांतली बहुतेक मोटरसायकलवर बसणार आहेत. लायसन मिळालेल्या प्रत्येक मुला-मुलीला मंदिरात एक नियम द्यावा, अशी माझी विनंती आहे: दोन्ही आरसे लावल्याशिवाय गाडी सुरू करणार नाही आणि आरशात पाहिल्याशिवाय बाजू बदलणार नाही. हा नियम जैनांपुरता नाही. मागून येणाऱ्याचा धर्म आरशात दिसत नाही, दिसायची गरजही नाही. तो आपल्या भरवशावर येतो आहे, एवढं कळलं म्हणजे पुरे.