घराची राखण

वैशाख सरत आला की उत्तर कोकणच्या किनारपट्टीत एक विशिष्ट लगबग सुरू होते. आकाशात अद्याप ढगाचा मागमूस नसतो. पण कौलारू घरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसतात. फुटकी कौले उतरविली जातात, सरकलेली पुन्हा जागेवर बसविली जातात, वाळवीने पोखरलेली रीप बदलली जाते, पन्हळीत साचलेला पाचोळा काढला जातो. पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड लागू नये म्हणून माडाच्या झावळ्यांचे झाप बांधण्याची चालही कोठे कोठे टिकून आहे. विहिरीचा गाळ उपसायचा, सुकी लाकडे आडोशाला रचायची, मीठ-मसाल्याची बेगमी करायची. या साऱ्याला आपल्याकडे एक नेमके नाव आहे : आगोटीची कामे. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि पुढच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. त्याला तोंड द्यायचे तर छप्पर मे महिन्यातच शाबूत झालेले असले पाहिजे.

पाऊस उघडला की दुसरा फेरा. भिंतींवर चढलेली बुरशी पुसायची, ओल धरलेली लाकडे उन्हाला दाखवायची, उखडलेला गिलावा भरून काढायचा. आगमनकाळ जवळ आला की नाताळापूर्वी चुना किंवा रंग. उपवासकाळाच्या सुमारास ऊन तापू लागले की लाकूड तडकते, वाळवी हालचाल करू लागते. आणि ईस्टर होऊन गेला की पुन्हा आगोट. उपासनेचे वर्ष आणि घराचे वर्ष आपल्याकडे असे हातात हात घालून चालत आलेले आहे.

या कामांचा एक स्वभाव ध्यानात घेण्याजोगा आहे. नवे घर बांधले की लोक पाहायला येतात, धर्मगुरू आशीर्वाद देतात, गोडधोड वाटले जाते. परंतु कौले चाळून झाली म्हणून कोणी कोणाला पेढे देत नाही. दुरुस्ती चोख झाली याचा पुरावा एवढाच, की पावसाळ्यात काही घडले नाही. वर्षभर राबून घर गेल्या वर्षी होते तसेच राहते. ज्या श्रमाचे फळ ‘काहीही न बिघडणे’ हे असते, त्याला आपण कोणते मोल देतो? तो केवळ व्यवहारी शहाणपणा आहे, की त्यात काही नैतिक कर्तव्यही आहे? माझे घर, माझे छप्पर. ते मी पडू दिले तर नुकसान माझेच. त्यात पाप-पुण्याचा प्रश्न कोठून आला?

ख्रिस्ती माणसाला याहूनही अवघड असा एक आक्षेप सुचू शकतो. मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने कसर आणि जंग जिचा नाश करतात, अशी संपत्ती पृथ्वीवर साठवू नका, असे बजावले आहे. मग आपले हे वार्षिक युद्ध तरी कोणाशी चालू असते? त्याच कसरीशी, त्याच जंगाशी. ज्याला नाश ठरलेलाच आहे त्याच्यामागे दर मे महिन्यात धावणे, हे त्या शिकवणीच्या विरुद्ध नाही काय?

या आक्षेपाचे उत्तर ‘साठवणे’ या क्रियापदात आहे, असे मला वाटते. साठवणारा माणूस वस्तू इतरांपासून दूर करतो. राखणारा माणूस ती इतरांसाठी वापरती ठेवतो. पेटीत कुलूपबंद ठेवलेल्या कपड्याला कसर लागते. रोज अंगावर असलेल्या, धुतलेल्या, सांधलेल्या कपड्याला सहसा लागत नाही. घराचेही तसेच आहे. ज्या घरात चूल पेटते, खिडक्या उघडतात, पाहुणा झोपतो, ते घर तग धरते. बंद पडलेले घर चार पावसाळ्यांत खंगते. येशूचा निषेध कवटाळून बसण्याला आहे. ज्याने खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा दाखला दिला, जो स्वतः सुताराच्या घरात वाढला, त्याला पावसाचा आणि भिंतीचा संबंध ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल?

जुन्या कराराकडे वळलो, तर घराच्या निगेला तेथे धर्मशास्त्रातच स्थान दिलेले आढळते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे, की त्याने छताला कठडा करावा. वरून कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. येथे मालकाच्या मालमत्तेची चिंता नाही. चिंता आहे ती त्या छतावर येणाऱ्या दुसऱ्या माणसाची, ज्याचे नावही मालकाला ठाऊक नसेल. घर खासगी असले तरी त्यातला धोका खासगी राहत नाही, हे त्या प्राचीन आज्ञेने ओळखले होते. आपला पहिला प्रश्न येथेच निकालात निघतो.

लेवीयच्या चौदाव्या अध्यायात तर घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खोलगट चट्टे उठले तर काय करावे याची सविस्तर पद्धत दिली आहे. घरमालकाने याजकाला कळवायचे. याजक पाहणीपूर्वी घर रिकामे करायला लावतो, जेणेकरून आतले सामानसुमान अशुद्ध ठरू नये. मग घर सात दिवस बंद. चट्टा पसरला असेल तर ते दगड उपटून काढायचे, गिलावा खरवडायचा, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. तरीही चट्टा परतला तर घर पाडायचे. वाचताना हसू येईल. पण ज्याच्या भिंतीला ओल धरते त्याला यातला शहाणपणा पटेल. चट्ट्यावर चुना फासा, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. ओल जेथून येते तेथे हात घाला, असे सांगितले आहे.

आणि आपण काय करतो? नाताळाच्या आदल्या आठवड्यात ओलीवरच रंग चढवितो. पाहुणे येतात, भिंत चकाकते, फेब्रुवारीत तिचे पोपडे निघतात. दुरुस्ती आणि सजावट या दोन गोष्टींत आपली गल्लत होते, कारण सजावट दिसते आणि दुरुस्ती दिसत नाही. चुना फासलेल्या कबरींविषयी येशूने जे कठोर शब्द वापरले ते माणसांना उद्देशून होते. पण भिंतींनाही ते लागू पडावेत, असा आपला व्यवहार असतो.

छपराचे शास्त्र साधे आहे. मांजर धावते, कावळा चोच मारतो, एक कौल बोटभर सरकते. त्या फटीतून पडणारे पाणी खाली पोहोचेपर्यंत कोणाला कळत नाही. ते आधी रीप भिजविते, मग वासा. ओल्या लाकडाला वाळवी लागते, वासा खचतो, त्याबरोबर शेजारची कौले सरकतात, आणि पाणी भिंतीच्या माथ्यात शिरते. वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या दगडी भिंती आज बिनछपराच्या उभ्या आहेत. १७३९ साली किल्ला मराठ्यांकडे गेला आणि पोर्तुगीज वस्ती उठली. राखणारे हात गेले की भक्कम दगडातही पिंपळ-वडाची मुळे कशी शिरतात, हे पाहायला तेथे एक फेरी पुरेशी आहे. मिस्साच्या आरंभी आपण जे पाप कबूल करतो त्यात केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचाही समावेश असतो. घराची हेळसांड हे त्याचे नमुनेदार उदाहरण होय. कोणत्याही एका दिवशी काही वाईट घडत नाही. फक्त शिडी लावली जात नाही, आणि असे दिवस साठत जातात.

आता खरा कठीण प्रसंग घेऊ. आपल्या धर्मग्रामांत असे एखादे तरी घर असते, की ज्याच्या सातबाऱ्यावर सात नावे आहेत आणि ज्यात एक म्हातारी राहते. एक मुलगा मुंबईच्या उपनगरात, दुसरा आखाती देशात, मुलगी सासरी. वाटणी व्हायची आहे. प्रत्येकाचे म्हणणे एकच : ‘वाटणी होऊ दे, मग पाहू, आज मी खर्च केला आणि उद्या ती खोली दुसऱ्याकडे गेली तर?’ हिशेबात हे चूक नाही. पण पाऊस वाटणीसाठी थांबत नाही. म्हातारी भांडी घेऊन घरभर गळती झेलत फिरते, आणि सातही वारस आपापल्या पक्क्या छताखाली न्यायाची वाट पाहत असतात. कायद्याने सगळे मालक, पण राखणदार कोणीच नाही.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने माणसाला एदेन बागेत ठेवले, ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. चौथ्या अध्यायात भावाचा खून केलेला काइन देवालाच उलट विचारतो, की मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी ‘राखणे’ हे एकच क्रियापद आहे. जागा राखणे आणि भाऊ राखणे यांसाठी बायबलला वेगळे शब्द लागले नाहीत. ज्याने पहिली राखण नाकारली त्याच्याकडून दुसरीही सुटते. गळक्या छपराखालच्या आईकडे पाहिले की हे सांगण्यासाठी प्रवचनाची गरज उरत नाही. म्हणून माझे मत असे, की राखणीचे कर्तव्य मालकीच्या निकालाआधी येते. जो आत राहतो त्याच्या डोक्यावर छप्पर आधी. कोणाचा किती वाटा, हे नंतर.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावात राहून वर्षानुवर्षे घर सांभाळणारा भाऊ हळूहळू राखणीलाच हक्क समजू लागतो; प्रत्येक कौलाचा हिशेब मनात ठेवतो आणि वेळ येताच इतरांपुढे मांडतो. त्याचे कष्ट खरे असतात, त्यांची दखल घेतली गेली पाहिजे आणि खर्चाची भरपाईही झाली पाहिजे. पण मालकी हाती यावी म्हणून केलेली राखण पुन्हा साठवणीकडेच वळते. दूर असलेल्यांनीही पैसे पाठविले की आपले कर्तव्य संपले, असे मानू नये. छपरावर कोण चढले, कामगार वेळेवर आले का, आईची झोपण्याची जागा कोरडी आहे का, हे विचारणे हाही राखणीचाच भाग आहे.

छपरावर कोण चढते, हा प्रश्न साधा नाही. पुष्कळदा तो मालक नसतो. रोजंदारीवर आलेला, बहुधा आदिवासी, मजूर असतो. अनुवादातील कठडा आज त्याच्यासाठी आहे. त्याला मजबूत शिडी, कमरेला दोर आणि घासाघीस न करता दिलेली मजुरी मिळाली नाही, तर कोरड्या राहिलेल्या घरावरही दोष उरतोच. आणि घराच्या आत? बुरशी पुसणे, धान्याला ऊन देणे, वेदीवरच्या तसबिरी ओलीपासून जपणे ही कामे आपल्या घरोघरी स्त्रियाच करीत आल्या. त्यांना दुरुस्ती असे नावही कोणी दिले नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीच्या एकतिसाव्या प्रकरणात मठाच्या कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याला सांगितले, की मठातील सर्व भांडी-अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानावीत. केरसुणी आणि चाळणीलाही हा मान मिळायला हवा.

कौलांची घरे कमी होत चालली आणि पुष्कळ कुटुंबे इमारतींत राहू लागली, म्हणून प्रश्न संपला नाही. सिमेंटच्या भेगेतून पाणी शिरले की आतली लोखंडी सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. सर्वांत वरच्या मजल्याचे छत गळते तेव्हा खालचे सदस्य वर्गणीस कां-कूं करतात, आणि तळमजल्यात पाणी शिरते तेव्हा वरचे. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि तीस वर्षांवरील इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी, अशी तरतूद आहे. लेवीयमधील याजकाच्या पाहणीचेच हे आधुनिक रूप म्हणावे. नियम आहे; प्रश्न आहे तो शेजाऱ्याच्या छताला आपले छत मानण्याचा.

राखणीलाही मर्यादा आहे, हे विसरून चालणार नाही. लेवीयच्या शेवटी घर पाडण्याचीही आज्ञा आहे. दुरुस्तीपलीकडे गेलेले घर आठवणींसाठी उभे ठेवून त्यात माणसांना राहायला लावणे हा जिव्हाळा नव्हे. कर्ज काढून, मुलांच्या शिक्षणाला कात्री लावून घर सजविणे हीही राखण नव्हे. कसोटी एकच : या खर्चाने, या श्रमाने आत राहणारे आणि उंबऱ्यावर येणारे माणूस सुरक्षित होते का?

सुमारे १२०५ साली असिसीजवळच्या सान दामियानो येथील मोडकळीस आलेल्या चर्चमध्ये क्रूसासमोर प्रार्थना करताना तरुण फ्रान्सिसला आपले घर दुरुस्त करण्याची ख्रिस्ताची हाक ऐकू आली. त्याने ती शब्दशः घेतली आणि दगड मागून आणून, चुना कालवून भिंत बांधायला लागला. त्या हाकेचा रोख साऱ्या ख्रिस्तसभेकडे होता, हे पुढे लोकांना उमगले. परंतु त्याची पहिली समजूत भाबडी होती असे मला वाटत नाही. ज्याचे हात एका पडक्या भिंतीला लागले त्यालाच मोठ्या घराची पडझड दिसू शकली. त्याच संताचे नाव धारण करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अवघ्या पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. आपल्या वसईतील बावखले, ज्यांच्यामुळे विहिरींना पाणी टिकत आले, त्यातील कित्येक बुजविली गेली आणि उरलेली गाळाने भरत आहेत. तीही त्या सामाईक घराचीच एक खोली आहे.

यंदा आगोटीपूर्वी कुटुंबातील सर्वांनी, जवळच्यांनी आणि दूरच्यांनी, एकदा एकत्र बसून वाटणीचा विषय बाजूला ठेवून एवढेच ठरवावे : शिडी कोणी लावायची, खर्च कसा वाहायचा, आणि चार महिने आत कोण राहणार आहे. मग पहिली सर येईल तेव्हा आईला रात्री उठून भांडी मांडावी लागणार नाहीत.