वाढणाऱ्याचे ताट



वेळ काढून, पैसे मोजून, चवीने जेवणे यात काही गैर आहे का? हा प्रश्न मला पडला तो पॅरिसमध्ये, जेवणाच्या टेबलावर.

2019 साली आमचा गट लुर्ड्सची यात्रा करून परतताना पॅरिसला थांबला होता. एक दुपार मोकळी मिळाली. बाकीची मंडळी डाळ-भाताच्या ओढीने भारतीय हॉटेलात गेली. मी आणि पत्नी मात्र आमच्या मुक्कामाजवळच्या कोपऱ्यावरील एका छोट्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये शिरलो. जेमतेम दहा टेबले. दाराशी काळी पाटी आणि तिच्यावर खडूने लिहिलेले त्या दिवसाचे पदार्थ. आधी एक छोटी डिश, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड, असे तिन्ही मिळून 18 युरो. मी मनातल्या मनात गुणाकार केला. माणशी जवळजवळ चौदाशे रुपये!

पहिल्यांदा उकडलेली अंडी आली, वर मेयोनेज. सोबत टोपलीभर पाव आणि पाण्याचा जग. त्यांचे वेगळे पैसे नव्हते. आम्ही ती डिश दोन मिनिटांत संपवली. पुढचे ताट काही येईना. शेजारच्या टेबलावर दोन रंगारी बसले होते, कपड्यांवर रंगाचे डाग तसेच. पावाचा तुकडा मोडून ते डिशमधले उरलेसुरले टिपत होते, बोलत होते. घाई कुणालाच नव्हती. मग आमचे मोहरीच्या सॉसमधले चिकन आले आणि बऱ्याच वेळाने कॅरमल पुडिंग, अगदी आपल्या घरच्या कार्याला असते तसे.

जेवण सुरेख होते. पण माझा घास गोड लागेना. जगात इतके लोक उपाशी असताना आपण इथे दीड तास जेवत बसलो आहोत, हे मनाला टोचत होते. सात प्रमुख पापांत खादाडपणा आहे, हे आपण लहानपणीच शिकलो. संत पोप ग्रेगरी यांनी त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचाच हट्ट धरणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि खाण्याचे फाजील चोचले करणे. या यादीत चवीने खाण्याचा उल्लेख नाही. उलट दोन मिनिटांत डिश फस्त करणारा मीच चौथ्या प्रकारात बसत होतो!

फ्रेंच लोकांनी जेवणाला एक शिस्त लावली आहे. सणासमारंभाला एकामागून एक निदान चार पदार्थ वाढायचे, त्यांच्याभोवती आप्तेष्टांनी जमायचे, या त्यांच्या रीतीला 2010 साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आम्ही जेवलो ते त्याचेच रोजचे, छोटे रूप. त्यांच्या कामगार कायद्यात कामाच्या जागी जेवायला मनाई आहे; कोरोनाच्या काळात, 2021 साली, ती तात्पुरती सैल करावी लागली. मित्राला ते ‘कोपँ’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे, ज्याच्यासोबत आपण भाकरी खातो तो. आणि याच देशाने 2016 साली कायदा केला की मोठ्या दुकानांनी न विकलेले खाण्याजोगे अन्न फेकून न देता ते सेवाभावी संस्थांना देण्याची व्यवस्था करावी. अन्नाची गोडी आणि भुकेल्याची जाणीव एकाच घरात नांदू शकतात, असे यावरून वाटते.

तरीही माझा प्रश्न पुरता सुटला नव्हता. तो सुटला बिल देताना. वाढणारी बाई मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत होती. पत्नीने तिला सहज विचारले, “तुम्ही सगळे कधी जेवता?” ती म्हणाली, “साडेअकरालाच! स्वयंपाकी, भांडी घासणारा, मी, सगळे एकत्र बसतो. गिऱ्हाईक येते बारानंतर. उपाशी माणूस दुसऱ्याला नीट कसा वाढणार?”

बाहेर पडल्यावर पत्नी म्हणाली, “किती वर्षांनी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत गरम जेवले!”

मी हसलो. पण दोन पावले पुढे गेल्यावर माझे हसू मावळले. आमच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. माझ्या पानात तव्यावरची भाकरी पडायची तेव्हा ती चुलीपाशी उभी असायची. तिच्या वाट्याला गार भाकरी आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला रस्सा. माझी आईही तशीच जेवली, दुपारी तीनला, एकटी. “तिला वाढायला आवडते,” असे आम्ही सगळे म्हणायचो. आवडते का, असे कुणी विचारले नव्हते.

त्या रेस्टॉरंटमधल्या बाईला पगार मिळतो, घरी आपण प्रेमाने वाढतो, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण पगार घेणारी आधी जेवते आणि प्रेम करणारी उपाशी राहते, हा कुठला न्याय? दूरच्या भुकेल्यांसाठी माझे मन टोचत होते, ते चांगलेच. पण माझ्याच स्वयंपाकघरात रोज कुणीतरी भुकेले उभे होते, ते मला दिसले नव्हते.

म्हणून आता मला वाटते, जेवणाचा आनंद घेण्यात पाप नाही. तो आनंद वाढणाऱ्यालाही मिळतो का, हे पाहायला हवे.

आमच्या घरी आता रविवारी पातेली टेबलाच्या मध्यभागी येतात आणि सगळे एकदमच बसतात. भाकऱ्या आधी करून ठेवतो, त्यामुळे त्या थोड्या निवतात. मुलाने सुरुवातीला कुरकुर केली. त्याला सांगितले, “गरम हवी तर ऊठ आणि थापून घे.” त्याची पहिली भाकरी नकाशासारखी झाली होती. आता बरी जमते.

आज मिस्सेनंतर आपण घरी जाल, जेवायला बसाल. बसण्यापूर्वी एकदा पाहा: आपल्या घरात शेवटचे ताट कुणाचे असते?