खात्यात आलेले पैसे कोणाचे?

बाबा गेल्यानंतर दीड महिन्याने फोनवर बँकेचा मेसेज आला : १४ लाख ४० हजार रुपये जमा. त्यांच्या दोन एफडींवर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. मृत्यूचा दाखला, माझं आधार आणि भरलेला अर्ज एवढ्यावर काम झालं. अ‍ॅप उघडलं, तर माझा पगार आणि बाबांची आयुष्यभराची बचत मिळून एकच आकडा दिसत होता. त्यातले माझे किती, हे सांगणारी जागाच स्क्रीनवर नव्हती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असे स्क्रीन मीच बनवतो. वाचल्याशिवाय लोक 'मान्य आहे'वर टिक करतात, हे मला चांगलं माहीत आहे. त्या रात्री मी दाव्याच्या अर्जाचा फोटो पहिल्यांदा नीट वाचला. त्यात लिहिलं होतं की, ही रक्कम मी मृत खातेदाराच्या कायदेशीर वारसांचा विश्वस्त म्हणून घेत आहे. खाली माझी सही होती.

नॉमिनी म्हणजे वारस, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. कायदा तसं म्हणत नाही. नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते, इतकंच. ते पैसे कोणाचे, हे वारसा कायदा ठरवतो. १९८३ साली 'सरबती देवी विरुद्ध उषा देवी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विम्याबद्दल हे स्पष्ट केलं. मुलगा मृत्युपत्र न करता गेला होता. पॉलिसीवर नाव बायकोचं होतं आणि आईने वाटा मागितला होता. न्यायालयाने आईचा हक्क मान्य केला. पुढे २०१० मध्ये बँकेतल्या ठेवींबद्दल आणि २०२३ मध्ये शेअर्सबद्दलही न्यायालय तेच म्हणालं. विम्याचा नियम मात्र २०१५ साली बदलला. तिथे आता आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर पैसे त्यांचेच होतात. बँकेत तसं नाही.

बाबांचं मृत्युपत्र नव्हतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी पुरुषाची आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. आमच्या घरी म्हणजे आजी, आई, ताई आणि मी. प्रत्येकी ३ लाख ६० हजार. हे गणित दोन मिनिटांत झालं. ताईला फोन करायला मला अकरा दिवस लागले.

त्या अकरा दिवसांत मी स्वतःला बरंच काही सांगितलं. आई माझ्याकडे राहते, तिचा खर्च मी करतो. घराचा हप्ता मी भरतो. आणि बाबांनी माझंच नाव घातलं, म्हणजे त्यांची इच्छा तीच असणार. पण तो रकाना भरला तेव्हा फोन माझ्याच हातात होता. मी विचारलं, "नॉमिनी कोण टाकू?" बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुझंच टाक. तुला ते सगळं कळतं." तुला देतो, असं ते म्हणाले नव्हते. तुला कळतं, असं म्हणाले होते.

शेवटी ताईला फोन केला. म्हटलं, "बाबांचे थोडे पैसे आलेत, काय करू या?" ती म्हणाली, "मला काय करायचेत रे? तूच ठेव." मला एकदम हलकं वाटलं, आणि फोन ठेवल्यावर त्या हलकेपणाचीच लाज वाटली. किती पैसे ते मी सांगितलं नव्हतं. त्यात तिचा वाटा आहे, हेही नाही.

मग आत्यांची आठवण झाली. आजोबांच्या जमिनीवर दोघींनी हक्कसोडपत्र करून दिलं होतं. "बहिणींनी हसत सह्या केल्या," असं बाबा अभिमानाने सांगत. दोघींना साड्या घेतल्या होत्या. सही करण्याआधी त्यांना जमीन किती आणि तिची किंमत काय, हे कोणी सांगितलं होतं का? मी बाबांना कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय की, दक्षिण आफ्रिकेत असताना गीता वाचताना त्यांना स्नेल यांच्या कायद्याच्या पुस्तकाची आठवण झाली आणि 'ट्रस्टी' या शब्दाचा अर्थ जास्त उमगला. विश्वस्ताच्या हातात कोट्यवधी असले, तरी त्यातली एक पैही तो स्वतःची मानत नाही. त्याच सुमारास त्यांनी आपली विम्याची पॉलिसी सोडून दिली. तेवढी श्रद्धा माझ्यात नाही. पण पहिलं वाक्य माझ्यासारख्यालाही लागू आहे, कारण त्यावर माझी सही आहे.

मला वाटतं, विश्वस्ताचं पहिलं काम वाटप करणं नाही, सांगणं आहे. ताईने तिचा वाटा मला द्यायला काहीच हरकत नाही. कुटुंबं असं करतात, प्रेमानेही करतात. पण आपण काय सोडतोय हे माहीत नसताना म्हटलेलं 'नको' हा होकार नसतो. ती नुसती सवय असते, आणि तिचा फायदा नेहमी एकाच बाजूला होतो. मी एक पैसा चोरला नव्हता. फक्त गप्प बसलो होतो, आणि तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा आकडे आधी पाठवले. ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "साडेतीन लाख? विचार करून सांगते." खरं सांगायचं तर मला ते थोडं लागलं. पण पहिल्या फोनवर तिला विचार करायला मी काही दिलंच नव्हतं.

आजी गावी काकांकडे असते. तिला समोर बसून सांगितलं. तिने दोनदा विचारलं, "माझे?" मग हळूच म्हणाली, "म्हणजे आता कुणाकडं मागायला नको?"

पैसे मी वेगळ्या खात्यात काढून ठेवलेत. ताईचं उत्तर अजून आलेलं नाही. मी घाई करत नाहीये.