कमी माप

टीव्हीवरचा सामना न दिसणाऱ्या माणसालाही कळेल असा दाखवावा, हा विषय काढला की आमच्या महिला मंडळात पहिला शब्द निघतो तो ‘दया’. ‘पुण्याचं काम आहे हो!’ मला हा शब्दच खटकतो.

माझ्या धाकट्या दिरांची नजर काचबिंदूनं गेली. सामना असला की ते आमच्यातच येऊन बसतात. समालोचक ओरडतो, ‘काय फटका मारलाय!’ आणि गप्प होतो. बाकीचं चित्र सांगतं ना! चेंडू कव्हरमधून गेला की मिडविकेटवरून, तिथं कोण उभं होतं, काही कळायला मार्ग नाही. धावसंख्या पडद्याच्या कोपऱ्यात, मुकी. ‘वहिनी, किती झाले?’ असं भाऊजी पूर्वी विचारायचे. दर षटकाला विचारायचं तरी किती? आता विचारत नाहीत.

रेडिओ आहे की, असं कुणी म्हणेल. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनानं कितीतरी घरांत मैदान उभं केलं, हे खरंच. पण सेट टॉप बॉक्समधून येणारं चित्र काही सेकंद मागं असतं. ट्रान्झिस्टर कानाला लावला की विकेट भाऊजींना आधी कळते, आणि घर नंतर ओरडतं. जवळ बसून ते वेगळाच सामना ऐकत असतात.

आपल्या अचौर्य अणुव्रताचा एक अतिचार आहे, हीनाधिक मानोन्मान. घेताना मोठं माप, देताना लहान. व्यापारी घरातल्या पोरीबाळींना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पण ते तराजूपुरतंच का धरायचं? भाऊजी केबलचे पैसे पुरे भरतात, कुणी त्यांना अर्धे घेत नाही. माल मात्र अर्धा. वाहिनीनं काही व्रत घेतलेलं नाही, कबूल. तरी माप ठरलेलं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात टीव्हीसारख्या माध्यमांत ध्वनिवर्णन असावं, ही जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, माप नसतं. म्हणून याला दान म्हणू नये, असं मला वाटतं.

‘असे बघणारे असतात किती?’ हा हिशेबही ऐकला. गिऱ्हाईक एकच आलं म्हणून कुणी किलोला आठशे ग्रॅम देतं का? आणि डोळसांना त्रास होईल म्हणावं, तर तेही नाही. एकाच सामन्याचं समालोचन हिंदी, कानडी, मराठी असं हवं ते निवडता येतं. त्यात वर्णनाचा आणखी एक आवाज. २०२४ च्या आयपीएलमध्ये न ऐकू येणाऱ्यांसाठी आणि न दिसणाऱ्यांसाठी असं वेगळं प्रक्षेपण झालंही. म्हणजे येत नाही असं नाही.

परवा केबलवाला पैसे न्यायला आला, त्याला विचारलं. ‘काकू, असलं कोण मागतच नाही ओ.’

म्हटलं, भाऊजींचं नाव घाल, आणि वर कळव.