राखाडी रेघ कुणाची?

ड्रॉइंगच्या दुनियेत तुटक रेघेला जुना मान आहे. जी कड डोळ्यांना दिसत नाही, पण आहे, ती तुटक काढायची. मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांची. इमारत जिथून कापून पाहिली ती रेघ जाड, तिच्या पलीकडचं सगळं बारीक. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला हे घोकून घेतात. महापालिकेत नकाशा मंजुरीला टाकायचा तर रंगसुद्धा ठरलेले : नवं काम लाल, पाडायचं काम पिवळ्या तिरप्या रेघांत. नाशिकमध्ये काढलेला नकाशा सोलापूरचा माणूस वाचतो, काढणाऱ्याला फोन न लावता, तो याच जोरावर.

संगणकावरच्या ड्राफ्टिंगने या भाषेत फिकेपणा आणला आणि त्याचं व्याकरण मात्र कुणीच लिहिलं नाही.

थरावर थर ठेवून काम करणं काही नवं नाही. बटर पेपरचा ताव जुन्या नकाशावर पसरला की खालचं आपोआप धूसर होतं आणि हात वरच्या तावावर चालतो. अमेरिकेतल्या मोठ्या कचेऱ्यांनी 1970 नंतरच्या काळात याचीच शिस्तबद्ध पद्धत बसवली. पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मला भोकं पाडून ती टेबलावरच्या पिनांच्या पट्टीत अडकवायची, म्हणजे भिंतींचा ताव आणि पाइपांचा ताव केसभरही सरकत नाही. छापताना भिंतींचा ताव मुद्दाम हलका छापून घेत, पाइप गडद. ऑटोकॅड हे ड्राफ्टिंगचं सॉफ्टवेअर 1982च्या डिसेंबरात बाजारात आलं, पण दिसण्याच्या बाबतीत त्यातल्या लेअरला, म्हणजे थराला, बराच काळ दोनच गती होत्या. चालू नाहीतर बंद. ‘फ्रीझ’ हा बंदचाच जरा कडक भाऊ. मधली छटा, म्हणजे लेअरची पारदर्शकता, आकड्याने ठरवायची सोय ऑटोकॅड 2011 या आवृत्तीत आली. शून्य ते नव्वद. शंभरपर्यंत जाऊ दिलं नाही हे शहाणपणाचंच, कारण दिसत नाही पण क्लिकला सापडते अशी वस्तू ड्रॉइंगमध्ये फिरत राहिली तर ड्राफ्ट्समनचा दिवस वाया जायचा.

आता प्लंबिंगचं ड्रॉइंग करणाऱ्याच्या स्क्रीनवर नजर टाकावी. आर्किटेक्टचा प्लॅन त्याने एक्सरेफ, म्हणजे बाहेरची फाइल, म्हणून खाली जोडलेला आहे. ऑटोकॅड तो स्वतःहून निम्मा फिका दाखवतं. ड्रेनेजच्या लाइनचं काम संपलं म्हणून चुकून धक्का लागू नये यासाठी त्याने ती लेअर लॉक केली. तीही निम्मी फिकी झाली. फर्निचर मध्येमध्ये येत होतं, तेव्हा त्या लेअरला त्याने स्वतः साठ पारदर्शकता दिली. आता स्क्रीनवर तीन राखाडी गोष्टी आहेत. एक दुसऱ्याची, एक स्वतःची पण कुलपातली, एक तूर्त नको असलेली. तिन्हींचे अर्थ वेगळे, अंगावरचा कपडा एकच.

खरी गंमत प्रिंट काढताना होते. एक्सरेफचा आणि लॉक केलेल्या लेअरचा फिकेपणा फक्त स्क्रीनपुरता असतो, कागदावर त्या रेघा पूर्ण ताकदीने उमटतात. तिसऱ्या प्रकारचा फिकेपणा कागदावर उतरू शकतो, पण प्लॉटच्या खिडकीत ‘प्लॉट ट्रान्सपरन्सी’समोर खूण केली असेल तरच. ती खूण मुळात नसते. त्यालाही कारण आहे : पारदर्शक वस्तू असल्या की ड्रॉइंग रेघांच्या रूपात न जाता चित्र म्हणून छापावं लागतं, फाइल फुगते, प्लॉटर रेंगाळतो. आता कॉलमचा भरीव हॅच साठ टक्के पारदर्शक करून त्याच्यालगतचा पाइप आणि त्याचं माप स्क्रीनवर नीट दिसेल असं कुणी केलेलं असावं आणि खूण राहून जावी. प्रिंटवर काळाकुट्ट चौकोन येतो, माप त्याच्या पोटात. साइटवरच्या सुपरवायझरला तिथे काही लिहिलं होतं याचा पत्ताच लागत नाही.

आकडाही विश्वासाचा नाही. ऑटोकॅडमध्ये ऐंशी म्हणजे वस्तू जवळपास गायब. फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी ऐंशी म्हणजे वस्तू जवळपास पूर्ण हजर. आर्किटेक्चरची मुलं सबमिशनच्या आदल्या रात्री दोन्ही शेजारी-शेजारी उघडून बसतात, त्यांचं कौतुकच करायला हवं. शिवाय फिकी होणारी रेघ पार्श्वभूमीच्या रंगाकडे सरकते. काळ्या स्क्रीनवर पिवळी रेघ बरीच तग धरते, त्याच आकड्याला गडद निळी बुडते. पांढऱ्या कागदावर नेमकं उलट.

छटेला अर्थ देता येतच नाही असं मात्र नाही. इयन मॅकहार्ग या भूदृश्य-रचनाकाराने 1969च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकात न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरच्या रिचमंड पार्कवेचं उदाहरण दिलं आहे. रस्ता कुठून न्यावा हा प्रश्न. उतार, माती, जंगल, पाणी, ऐतिहासिक जागा, घरं अशा प्रत्येक गोष्टीचा वेगळा पारदर्शक नकाशा त्याने केला. जिथे रस्ता गेल्याने समाजाचं अधिक नुकसान तिथे गडद छटा, कमी तिथे हलकी. सगळे ताव एकावर एक ठेवले की जी वाट सर्वांत उजळ उरते ती रस्त्याची. या पद्धतीवर टीका झाली आणि ती रास्तच होती. एका तावावरचं जंगल आणि दुसऱ्यावरचं घर यांच्या छटा बेरजेला एकाच मापाच्या कशा धरायच्या? पण ही टीका करता आली, कारण कुठली छटा कशासाठी हे प्रत्येक तावावर लिहिलेलं होतं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने 2011च्या अहवालात हेच काम छटेऐवजी आकड्यांनी केलं. सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले, वेगवेगळ्या निकषांवर गुण दिले, सरासरी काढली. एवढ्या मोठ्या चौकोनात राखीव जंगल आणि ऊसवाला गाव दोन्ही मावतात, अशी हरकत घेता आली ती चौकोनाचं माप उघड सांगितलं होतं म्हणून. ड्राफ्ट्समनने संध्याकाळी सहा वाजता फर्निचरला दिलेल्या साठवर कुणी कसली हरकत घेणार?

काही कचेऱ्या यावर तोडगा काढतात. लेअर स्टेट, म्हणजे लेअरची त्या वेळची मांडणी, जपून ठेवली की पारदर्शकतेचे आकडेही तिच्याबरोबर राहतात, आणि ठरवलंच तर शीटच्या सूचीत ‘फिकी रेघ : आर्किटेक्टचं काम’ अशी एक ओळ घालता येते. रेव्हिट हे दुसरं सॉफ्टवेअर एक पायरी पुढे गेलं. त्यात वस्तूला टप्पा असतो : अस्तित्वात असलेली, पाडायची, नवी, तात्पुरती. तिचं दिसणं त्या टप्प्यावरून ठरवता येतं, त्यामुळे जुनी भिंत राखाडी ठेवली तर ती जुनी आहे म्हणूनच राखाडी. पण त्याच रेव्हिटमध्ये एसीवाल्याने मेकॅनिकलचा व्ह्यू उघडला की आर्किटेक्टच्या भिंतीही हाफटोनमध्ये, म्हणजे फिक्या छटेत, जातात, जुन्या असोत की कालच काढलेल्या. त्याला डक्टसाठी कुठल्या भिंतीत भोक पाडायचं आहे हे विचारायला शेवटी तो आर्किटेक्टलाच फोन लावतो.